बटणं पाठ, पण आकडा चुकला तर?

"अभ्यासक्रमात आणखी सॉफ्टवेअर घाला, नोकऱ्या मिळतील" असं कुणीतरी लिहिलंय, ते मला अर्धंच पटलं. माझ्या हाताखाली शिकायला येणाऱ्या मुलांना एक्सेलची बटणं पाठ असतात. पण व्हीलुकअपमध्ये, म्हणजे तक्त्यातून हवी ती माहिती शोधून आणणाऱ्या सूत्रात, 'तंतोतंत जुळणारंच हवं' असं सांगणारं शेवटचं शून्य लिहायचं राहिलं, की एक्सेल अंदाजे जुळणारी ओळ उचलतं आणि चुकीचा आकडा निमूटपणे समोर ठेवतं. बरेचदा एररही येत नाही. तिथे शंका यायला हवी, आणि ती खराब डेटाशी झटल्याशिवाय येत नाही. वर्गात मात्र १० ओळींचा स्वच्छ तक्ता! निम्म्या तारखा मजकूर म्हणून भरलेली, नावांमागे स्पेस राहिलेली फाइल द्या की एकदा. आणि हो, फाइलला 'फायनल_नवीन_२' अशी नावं ठेवणाऱ्यांचे मार्क आधी कापा.