मदत हवी आहे: लॉजिकल रिझनिंग घरी सुटतं, घड्याळ लावलं की अडतं

अधांतरी:
नमस्कार. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

पाच महिन्यांनी प्रवेश परीक्षा आहे. गणित आणि भाषा यांचं बरं चाललंय, घोडं अडलंय ते लॉजिकल रिझनिंगपाशी. गेल्या तीन महिन्यांत सीटिंग अरेंजमेंट, सिलॉजिझम (दिलेल्या विधानांवरून निष्कर्ष), नातेसंबंध, दिशा, वेळापत्रकं असे मिळून दीडशेच्या वर सेट (एकाच माहितीवरचे प्रश्नसंच) सोडवलेत. वहीत आकडा लिहून ठेवलाय, म्हणून छातीठोकपणे सांगते. निवांत बसले की दहातले आठ सुटतात. मॉकमध्ये (सराव परीक्षेत) मात्र पहिल्याच सेटवर दहा-बारा मिनिटं जातात, मग धडधड वाढते आणि पुढचे सेट नीट वाचलेही जात नाहीत. गेल्या सहा मॉकचे गुण जवळपास तेच आहेत.

उत्तर बघितलं की वाटतं, अरे, एवढंच होतं! पण पुढच्या वेळी ते 'एवढंच' सुचत नाही. आणखी शंभर सेट करावेत की काहीतरी मुळातच चुकतंय? शिवाय 'तर' आणि 'तरच' यांत मी हमखास घोळ घालते, त्यावरही कुणीतरी बोला.

(अहो-जाहो करू नका प्लीज.)

कोडेवेडा:
दीडशे हा आकडा बाजूला ठेव. त्यातलं तुला अडलेलं एक कोडं इथे टाक, आणि तू ते कसं सोडवलंस तेही लिही. नुसतं कोडं नको, तुझी खरकटी पाटी बघायचीय.

अधांतरी:
कालच्या मॉकमधलं त्याच धर्तीचं टाकते.

अ, ब, क, ड, इ, फ असे सहा जण गोल टेबलाभोवती मध्याकडे तोंड करून बसलेत. क हा ब च्या डावीकडे दुसरा आहे. इ हा ब च्या शेजारी आहे. अ आणि ड समोरासमोर आहेत. अ हा ब च्या शेजारी नाही. तर ब च्या समोर कोण?

मी ब आणि क बसवले. मग इ साठी दोन जागा, म्हणून दोन आकृत्या. प्रत्येकीत अ-ड कुठे, म्हणून आणखी फाटे. चार आकृत्या झाल्या, त्यातली एक खोडताना चुकून बरोबर असलेलीच खोडली. अकरा मिनिटं. उत्तर चुकलं ते वेगळंच.

कोडेवेडा:
सापडलं. तू वाक्यं छापलेल्या क्रमाने वापरतेस. पेपर काढणारा वाक्यं त्याच्या सोयीने लावतो, तुझ्या नाही.

जागांना घड्याळाच्या दिशेने १ ते ६ आकडे दे. मध्याकडे तोंड असेल तर डावीकडचा माणूस घड्याळाच्या दिशेने पुढे येतो. ब ला १ वर बसव, क आला ३ वर. इथे थांब आणि उरलेल्या वाक्यांकडे बघ. इ चं वाक्य दोन जागा मोकळ्या सोडतं. समोरासमोरचं वाक्य? सहा जणांच्या टेबलावर समोरासमोरच्या जोड्या तीनच: १-४, २-५, ३-६. पहिलीत ब बसलाय, तिसरीत क. उरली २-५. अ ला ब च्या शेजारी बसायचं नाही, म्हणजे २ गेलं. अ ५ वर, ड २ वर. आता इ ला ६ सोडून जागाच नाही. फ उरला ४ वर, ब च्या समोर.

एकच आकृती, एकही फाटा नाही. तुझ्या चारातल्या ज्या आकृत्यांत इ २ वर होता, त्यांत तिन्ही जोड्या अडल्या होत्या. अ-ड ला बसायला जोडीच नव्हती.

पेन टेकवण्याआधी वाक्यांवर एक नजर टाकून स्वतःला विचार: यातलं कोणतं वाक्य सगळ्यात कमी जागा शिल्लक ठेवतं? आधी ते. 'शेजारी', 'किमान', 'एका टोकाला नाही' ही ढिली वाक्यं. 'समोर', 'बरोबर मध्ये', 'दोघांच्या मध्ये नेमके तीन' ही घट्ट. घट्ट आधी.

अवांतर: इथे डावं-उजवं उलटं काढलं असतंस तरी उत्तर फ च आलं असतं, कारण आरशातल्या आकृतीतही समोरचा माणूस समोरच राहतो. प्रश्न 'ड च्या उजवीकडे कोण' असा असता आणि तो वाचताना उजवं बरोबर धरलं असतंस, तर मात्र फसली असतीस.

निवांत:
+१. नकारार्थी वाक्यं आकृतीवरच खुणेने टाकत जा, 'ब शेजारी अ ✗' असं. डोक्यात ठेवलेला नकार वेळेवर आठवत नाही. मी तर आधी सगळे नकार लिहून काढायचो आणि मगच कुणालातरी बसवायचो. मित्र हसायचे.

पुन्हा_एकदा:
'तर' आणि 'तरच' बद्दल.

"अ आला तर ब येतो." म्हणजे अ दिसला की ब दिसणारच, बाण अ→ब. अ नाही आला, तरी ब येऊ शकतो. त्याला कुणी अडवलेलं नाही.

"अ आला तरच ब येतो." इथे बाण उलटतो. ब दिसला की अ आलेलाच असणार. अ एकटा येऊन बसला असेल, ब नसेल, तरी वाक्य खोटं पडत नाही. "अ आल्याशिवाय ब येत नाही" हे याच वाक्याचं दुसरं रूप.

घोळ होतो तो आपल्या बोलण्यामुळे. "अभ्यास केलास तर खेळायला जा" असं आई म्हणते तेव्हा तिच्या मनात 'तरच' असतं, आणि मुलालाही ते ठाऊक असतं. रोजच्या बोलण्यात आपण तो 'च' गिळतो. परीक्षेत गिळायचा नाही. तिथे शब्द जेवढे छापलेत तेवढेच.

'फक्त'चंही तसंच. "फक्त मुलीच चित्रं काढतात" याचा अर्थ सगळ्या मुली चित्रं काढतात असा नाही. जो कोणी चित्रं काढतो तो मुलगी असतो, एवढंच. वाक्यात 'मुली' आधी आल्या म्हणून बाण त्यांच्यापासून काढायला हात शिवशिवतो. थोडं थांबायचं.

आता एक करून बघ. पीटर वॉसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये मांडलेली चाचणी आहे. त्याच्याकडे इंग्रजी अक्षरं होती, मी मराठी घालतो. चार पत्ते. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. समोर दिसतंय: अ, क, ४, ७. नियम असा: एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम अंक असतो. नियम पाळलाय की मोडलाय हे ठरवायला कोणते पत्ते उलटावेच लागतील?

अधांतरी:
अ आणि ४. स्वर आणि सम अंक.

निवांत:
मीपण हेच म्हणणार होतो. तू आधी लिहिलंस ते बरं झालं.

पुन्हा_एकदा:
दोघंही बहुसंख्यांच्या पंगतीत. बरोबर उत्तर अ आणि ७.

४ च्या मागे व्यंजन निघालं तर नियम मोडला का? नाही. सम अंकामागे स्वरच हवा असं कुणी म्हटलंच नव्हतं. ७ च्या मागे स्वर निघाला तर मात्र नियम तिथल्या तिथे मोडला. आपण नियमाला दुजोरा देणारा पत्ता शोधतो, नियम पाडणारा शोधत नाही.

गंमत म्हणजे हीच रचना ओळखीच्या नियमात घातली, म्हणजे 'दारू पिणारा सज्ञान असला पाहिजे' असं काहीतरी, की बहुतेकांचं उत्तर बरोबर येतं. तेव्हा कोरडं वाक्य समोर आलं की त्याला पटकन एखाद्या नियमाचे कपडे चढव आणि विचार: हा नियम मोडताना कोण पकडला जाईल?

उलट वाचण्याची एकच वाट खात्रीची: अ→ब असेल तर ब नाही→अ नाही. सेट वाचताना प्रत्येक 'तर'शेजारी हे उलटं रूप लगेच लिहून ठेव. अर्धे सेट त्या ओळीवरच सुटतात.

शिस्तीचा_माणूस:
सिलॉजिझमवर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. "सर्व खुर्च्या ढग आहेत. काही ढग निळे आहेत." निष्कर्ष: काही खुर्च्या निळ्या आहेत. बरेच जण 'हो' म्हणतात, कारण ते एक आकृती काढतात आणि त्या आकृतीत निळं वर्तुळ खुर्च्यांना शिवलेलं असतं. निष्कर्ष जुळवणारी आकृती काढू नका, मोडणारी काढा. निळं वर्तुळ ढगात ठेवा पण खुर्च्यांपासून दूर. काढता आलं? मग निष्कर्ष गेला.

'शक्यता आहे' अशा निष्कर्षाला हेच उलटं. "सर्व खुर्च्या निळ्या असण्याची शक्यता आहे" यासाठी जुळणारी एक आकृती पुरे. आणि "काही खुर्च्या निळ्या आहेत" व "एकही खुर्ची निळी नाही" असे दोन निष्कर्ष दिले असतील तर एकेकटा कुठलाच सिद्ध होत नाही, पण दोघांपैकी एक खरा असणारच. पर्यायांत 'निष्कर्ष १ किंवा निष्कर्ष २' असतं ते याचसाठी.

जाता जाता: क्लासमध्ये ज्यांना सर्रास 'वेन आकृती' म्हणतात ती बहुधा गणितज्ञ ऑयलरच्या पद्धतीची वर्तुळं असतात. जॉन वेनने १८८० मध्ये मांडलेल्या पद्धतीत सगळी वर्तुळं आधीच एकमेकांना छेदतात आणि रिकामे भाग छायांकित करतात. चार वर्ग आले की ती गिचमिड होते, तेव्हा परीक्षेत ऑयलरच बरा.

आणि 'सर्व खुर्च्या ढग आहेत' यावरून 'काही खुर्च्या ढग आहेत' निघतं असं परीक्षेत मानतात. आधुनिक तर्कशास्त्रात हे आपोआप निघत नाही. जगात एकही खुर्ची नसेल तर पहिलं वाक्य खरं आणि दुसरं खोटं. माझ्या मते पेपरवाले हे चुकीचं शिकवतात.

कोडेवेडा:
चुकीचं कसं? ॲरिस्टॉटलच्या परंपरेत ते चालतंच. वर्ग रिकामा नाही असं गृहीत धरलंय, एवढंच. पोरीला पाच महिन्यांनी पेपर द्यायचाय, प्रबंध नाही. सरळ टिक कर आणि पुढे जा गं. (हलके घ्या.)

शिस्तीचा_माणूस:
हलकेच घेतलं. पण गृहीतक आहे हे तिला माहीत असू दे.

निवांत:
घड्याळाचं कुणीच घेतलं नाही. माझाही आजार हाच होता. सेट उघडला की तो सुटेपर्यंत सोडायचा नाही, अपमान वाटायचा.

पहिली काही मिनिटं काहीच सोडवायचं नाही. सगळे सेट वरवर वाचायचे. किती जण, किती गुणधर्म, घट्ट वाक्यं किती? सहा जण आणि एक गुणधर्म असेल तर घे. आठ जण, त्यांचे व्यवसाय, रंग, वार, आणि तीन घट्ट वाक्यं असतील तर शेवटी. सेट घेतल्यावर तीन-चार मिनिटांत एकही नवीन जागा पक्की झाली नाही तर सोडून उठायचं. गेलेली मिनिटं परत मिळत नाहीत म्हणून आणखी मिनिटं ओतायची नाहीत.

अंदाजपंचेबद्दलही. चार पर्याय, बरोबरला १ आणि चुकीला वजा १/३ असेल तर डोळे मिटून मारलेल्या दगडाची सरासरी शून्य. एक पर्याय खात्रीने खोडता आला तर सरासरी १/९ ने वर येते. सुट्या प्रश्नांत हे ठीक. सेटमध्ये मात्र जपून, कारण अंदाजाने एकाला बसवलंस आणि ते चुकलं तर त्या आकृतीवरचे चारही प्रश्न सोबत बुडतात.

पुन्हा_एकदा:
मूळ प्रश्न राहिला: आणखी शंभर करावेत का. नको. तू लिहिलंयस, "उत्तर बघितलं की वाटतं, एवढंच होतं." दुसऱ्याने काढलेल्या वाटेवरून चालताना ती सोपीच वाटते. वाट काढायचा सराव त्यात होत नाही.

दीडशेतले जे अडले होते ते काढ. त्यांची उत्तरं झाक आणि कोऱ्या कागदावर पुन्हा सोडव. आज नको, चार-पाच दिवसांनी, उत्तर विसरायला आल्यावर. प्रत्येकाखाली एकच ओळ लिही: कुठे अडलं? 'क्रमाने वाचलं', 'च गिळला', 'डावं-उजवं', 'एक फाटा विसरले'. वीस ओळी झाल्या की तुझ्या चुका तीन-चारच आहेत आणि पुन्हा पुन्हा त्याच येताहेत हे दिसेल. घड्याळ तोवर फक्त वेळ नोंदवायला ठेव, धाकासाठी नको.

अधांतरी:
सगळ्यांचे आभार. आठवडाभर गायब होते, तेच करत होते. जुने अडलेले बारा सेट काढले. सात सुटले, पाच पुन्हा अडले. पाचातल्या चारांखाली 'क्रमाने वाचलं' असंच लिहावं लागलं, लाज वाटली. मॉक अजून दिलेली नाही, पुढच्या रविवारी देईन.

'तरच'चं अजून पक्कं वाटत नाही. एखादं द्या ना.

पुन्हा_एकदा:
अ आला तरच ब येतो. क आला तर ब येतो. अ आलेला नाही. क चं काय?

अधांतरी:
अ नाही म्हणून ब नाही. ब नाही म्हणून क नाही. क घरी.

पुन्हा_एकदा:
आणि अ आला असता तर?

अधांतरी:
सांगता येत नाही. ब येईलच असं नाही आणि क बद्दल तर कुणी काही बोललेलंच नाही. मागच्या आठवड्यात मी तिघांनाही आणून बसवलं असतं.