जुळी एकसारखी, मग एकाच बाळाच्या हृदयात छिद्र कसं?

बडोदेकर_बाबा: नमस्कार मंडळी, आम्ही दांडिया बाजारात राहतो, बायकोला २१वा आठवडा चालू आहे, जुळी आहेत, वार एकच पण पिशव्या दोन. काल फिटल इको (पोटातल्या बाळांच्या हृदयाची सोनोग्राफी) झाली, एका बाळाला व्हीएसडी आहे म्हणाले, म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला बारीक छिद्र, दुसऱ्याचं एकदम नॉर्मल. आई म्हणते एकसारखी जुळी आणि एकालाच कसं, रिपोर्टच चुकला असणार. बायको रात्रभर जागी, सारखी विचारते मी ग्रहणात भाजी चिरली म्हणून झालं का. काय सांगू तिला?

दोघींची_आई: दादा, आधी वहिनींना जवळ घेऊन सांगा की ग्रहणाचा काही संबंध नाही, त्यांनी काही केलेलं नाही. माझ्या मुली पण अशाच, एक वार. थोरलीला व्हीएसडी होता, धाकटीला काहीच नाही. दीड वर्षाची होईस्तोवर आपोआप बुजला, नुसत्या इको करत राहिलो. सगळ्यांचा बुजतोच असं नाही हं, पण स्नायूच्या भागातली बारीक छिद्रं पुष्कळदा बुजतात. तुमचं नेमकं कुठे आहे ते विचारून घ्या.

रात्रपाळी_नर्स: नवजात बाळांच्या आयसीयूत आहे म्हणून लिहिते. रिपोर्ट चुकला असं धरून चालू नका. जीन्स सारखे असले तरी एकाचं हृदय बरोबर आणि दुसऱ्याचं नाही असंच जास्त वेळा दिसतं, वारेतून दोघांना रक्त सारखं वाटलं जात नाही, हे त्याचं एक कारण असावं असं मानतात. साधारण १०० बाळांत एकाला हृदयाचा जन्मजात दोष असतो, एक वार असलेल्या जुळ्यांत त्याहून बराच जास्त, म्हणून तर त्यांची फिटल इको करतातच. आणि हे महत्त्वाचं, दर दोन आठवड्यांची सोनोग्राफी अजिबात चुकवू नका. एकाकडचं रक्त दुसऱ्याकडे जास्त जायला लागलं, टीटीटीएस म्हणतात त्याला, तर ज्याला जास्त मिळतं त्याच्या हृदयावर ताण येतो, म्हणजे आज नॉर्मल असलेल्या बाळावर पण लक्ष हवंच. पोट अचानक खूप ताणल्यासारखं वाटलं तर तारखेची वाट बघू नका, लगेच जा.

बडोदेकर_बाबा: ताई, हे सगळं बायकोला वाचून दाखवलं, खूप रडली पण मग जेवली. खर्चाचं टेन्शन आहे, ऑपरेशन लागलंच तर?

रात्रपाळी_नर्स: सरकारच्या आरबीएसकेमध्ये (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, मुलांच्या तपासणी-उपचारांची योजना) १८ वर्षांपर्यंतच्या मुलांचे हृदयाचे जन्मजात दोष येतात. सरकारी दवाखान्यात आत्ताच चौकशी करून ठेवा. आणि डिलिव्हरी अशाच ठिकाणी ठरवा जिथे बाळांचं आयसीयू आहे, जुळी बहुतेक वेळा लवकरच येतात.