घाट उतरताना निळा धूर: व्हॉल्व्ह गाइड बदलू का?

आंबाघाट: तीन सिलिंडरची जुनी पेट्रोल कार, अल्युमिनियम हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग). घाटात गिअरमध्ये उतरून पुन्हा ॲक्सिलरेटर दिला की निळा धूर. कॉम्प्रेशन चांगलं आहे. मेकॅनिक म्हणतो, गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळ्या) गेले. खात्री कशी करायची?

लेथवाला_कोल्हापूर: लक्षण गाइडचं किंवा स्टेम सीलचंच (दांडीवरचं ऑइल अडवणारं सील). ॲक्सिलरेटर सोडल्यावर मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत) व्हॅक्यूम वाढतो आणि इनटेक गाइडमधून ऑइल ओढलं जातं. हेड उघडलंच आहे तर नवा व्हॉल्व्ह गाइडमध्ये घालून, थोडा उचलून आडवा हलवा. नवाही डगडगला तर गाइड गेलाच. घट्ट बसला तर व्हॉल्व्ह आणि सील बदलून भागेल.

गाइड काढायच्या आधी तो हेडच्या किती वर आहे ते मोजून लिहून ठेवा. गाइडच्या पोर्टकडच्या (हेडमधल्या हवा-धुराच्या वाटेकडच्या) टोकावरचा कार्बन खरवडा, नाहीतर बाहेर निघताना तो हेडचं भोक ओरबाडतो. हेड ओव्हनमध्ये सगळीकडून सारखं तापवा. गॅसकटर मारून एकाच जागी तापवलेलं हेड वाकतं, माझा त्याला सक्त विरोध आहे. नवे गाइड रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा.

आंबाघाट: व्हॉल्व्ह बंद होताना ज्यांवर टेकतात त्या सीट चांगल्या आहेत. त्या तशाच ठेवू?

लेथवाला_कोल्हापूर: नको! नवा गाइड बसला की जुन्या सीटचं केंद्र जुळत नाही. आधी गाइडच्या भोकाला रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार), मग सीट कटिंग, शेवटी पेस्ट लावून व्हॉल्व्ह सीटवर घासणं.

डिझेल_दादा: व्हॉल्व्हच्या स्प्रिंग बसवल्यावर पोर्टमध्ये रॉकेल ओता. सीटपाशी पाझर दिसला तर हेड परत पाठवा, पैसे नंतर.