‘स्कोप ऑफ प्रॅक्टिस’ला मराठीत काय म्हणावं?

रेवती, सोलापूर: जीएनएमच्या (नर्सिंगच्या डिप्लोमाच्या) पहिल्या वर्षाच्या मुलींसाठी मराठी टिपणं काढतेय. ‘स्कोप ऑफ प्रॅक्टिस’ला ‘कार्यकक्षा’ लिहिलं, तर सहकारी म्हणते ‘अधिकारक्षेत्र’ हवं. मला पटत नाही. परिचारिकेनं काय करायचं हे तिचं शिक्षण, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आणि त्या दवाखान्याचे नियम मिळून ठरतं. त्यात नुसता अधिकार कुठे आला?

अनंत: ‘व्याप्ती’ रुळलेला शब्द आहे. ‘व्यवसायव्याप्ती’ करा. ‘कक्षा’ म्हटलं की उपग्रह डोळ्यांपुढे येतो.

वॉर्डसिस्टर: वॉर्डात ‘व्याप्ती’ कुणी बोलत नाही. आम्ही म्हणतो, ‘हे आपल्यात येत नाही.’ रात्री नातेवाईक मागे लागतात, ‘सिस्टर, तुम्हीच लिहून द्या की ओ एखादी गोळी.’ गोळी आम्ही देतो, पण लिहायची डॉक्टरांनी. आणि उलट बाजू मुलींना जरूर शिकवा. केसपेपरवरचा डोस जास्त वाटला, तर भरलेली सिरिंज ट्रेमध्ये ठेवून डॉक्टरांना फोन लावायचा. हेही आपल्यातच येतं. ‘मर्यादा’ शब्द घातलात तर मुली नुसतं ‘काय करू नये’ पाठ करतील.

इरफान: मग ‘हद्द’ घ्या. सोलापूरकराला हद्दवाढ समजावून सांगावी लागत नाही. गरोदरपणी बीपी वाढून झटके आले, तर प्रशिक्षित एएनएमनं (उपकेंद्रातल्या नर्सनं) मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, देऊन बाईला पुढे पाठवायचं, असं केंद्राच्या सूचनांत आहे. ही हद्दवाढच झाली.

अनंत: ‘हद्द’ अरबी. परिचर्येशेजारी विजोड दिसतो.

इरफान: मग ‘दवाखाना’ही काढा. त्यातला ‘दवा’ अरबी, ‘खाना’ फारसी.

वॉर्डसिस्टर: अरबी असू दे, माझी हरकत वेगळी आहे. हद्दवाढ एका आदेशानं होते. इथे आधी प्रशिक्षण, मग काम. त्या इंजेक्शनआधी गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय उडतो का, श्वास, लघवी हे बघता आलं पाहिजे.

रेवती: म्हणूनच मला ‘जबाबदारी’ही त्या शब्दात यायला हवी. आणखी एक अडचण. २०२३च्या कायद्याच्या नावात नर्सिंगबरोबर ‘मिडवाइफरी’ आहे. मिडवाइफला ‘प्रसाविका’ लिहू?

अनंत: एएनएमच्या सरकारी पदनामात तोच आहे, साहाय्यकारी परिचारिका प्रसाविका.

शोभाताई: ‘सुईण’ असताना ‘प्रसाविका’ कशाला? आमच्या अक्कलकोटकडे सुईणीला बाळंतपणानंतर साडीचोळी देत. सुईसारखं नाजूक काम, म्हणून सुईण.

अनंत: सुईचा संबंध नाही. ‘सूति’ म्हणजे प्रसूती, तिथून आला.

शोभाताई: आमची आजी सुईच सांगायची.

वॉर्डसिस्टर: कुठूनही येवो. सुईण शिकायची ती सासूकडून, प्रसाविकेला परीक्षा आणि नोंदणी असते. दोन्ही एक म्हणू नका.

शोभाताई: सासूकडूनच असं नाही. आमच्याकडे मावशीकडून भाचीनं घेतलं होतं.