गोव्यातली वेबमालिका: अल्पवयीन मुलावर खुनाचा आरोप. कायदा, तपास कुठे खोटा पडतोय?

बांधावरची:
नमस्कार मंडळी. आठ भागांची मराठी मालिका लिहितेय, गाव तिसवाडीतलं. दहावीची परीक्षा दिलेल्या मुलावर मित्राच्या खुनाचा आरोप येतो. आराखडा असा: ११ मेच्या संध्याकाळी मित्र बेपत्ता, कुणीतरी नदीत ढकललेला. १५ मेच्या पहाटे खाजनातल्या (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनीतल्या) मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांच्या, जाळ्यात मृतदेह. पोलीस मुलाला बेड्या घालून नेतात, चार दिवस कोठडी, वाहिन्यांवर नाव आणि फोटो, कोर्टात पिंजरा, शेवटच्या भागात जन्मठेप. मुलाचं वय १५ की १६ ते ठरवलेलं नाही. जाणकारांनी निर्दयपणे चुका काढाव्यात.

काळाकोट:
वय आधी ठरवा, तुमची अर्धी कथा तिथेच ठरते. २०१५ चा बाल न्याय कायदा गुन्हा घडला त्या दिवसाचं वय धरतो, ताब्यात घेतलं त्या दिवसाचं नाही. तेव्हा १६ पूर्ण नसतील तर खून सिद्ध होऊनही खटला प्रौढासारखा चालत नाही. जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात. १६ पूर्ण असतील तर खटला प्रौढासारखा चालवायचा का हे ठरवायला कलम १५ खाली बाल न्याय मंडळ प्राथमिक मूल्यांकन करतं: गुन्हा करण्याची मानसिक आणि शारीरिक क्षमता, परिणामांची समज, आणि कोणत्या परिस्थितीत घडलं. हा खटला नव्हे. 'तू मारलंस का' हा प्रश्न तिथे येतच नाही, आणि लेखक नेमका तोच लिहितात. मूल्यांकनाला कायद्यात तीन महिन्यांची मुदत आहे, पण ती उलटली म्हणून प्रक्रिया रद्द होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलंय.

बेड्या, कोठडी, पिंजरा तिन्ही काढा. साध्या वेशातला बाल कल्याण पोलीस अधिकारी येतो, पालकांना कळवतो, २४ तासांच्या आत मंडळासमोर हजर करतो. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यातली एक स्त्री. उंच मंच नाही, साक्षीदाराचा कठडा नाही. पंधरा वर्षांचा असेल तर मेरशीचं 'अपना घर' हे मुलांसाठीचं निरीक्षणगृह. १६ वरचा आणि खुनाचा आरोप असेल तर वेगळं 'सुरक्षित स्थान'. कोलवाळचा तुरुंग दाखवू नका.

जामीन खुनातही मिळू शकतो, किंबहुना नियम तोच आहे. नाकारायचा तर मंडळाला कारण नोंदवावं लागतं. मग मुलगा घरी येतो, आईबापासोबत जेवायला बसतो. हे तुमच्या कोठडीपेक्षा किती तरी भारी आहे.

नाव-फोटो छापणं कलम ७४ ने गुन्हा: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शाळा आणि गावसुद्धा उघड करता येत नाही. पेपरात 'एक अल्पवयीन मुलगा' एवढंच येईल, आणि वाड्यावरचा प्रत्येक त्या वयाचा पोर संशयित होईल. फाशी किंवा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप कायद्यातच बसत नाही. प्रौढासारखा खटला चालून दोषी ठरला तरी २१ वर्षांपर्यंत सुरक्षित स्थानातच.

आणखी एक खिळा: आरोप भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ चा खून राहिला तरच गुन्हा 'निर्घृण' ठरतो, कारण त्यासाठी किमान शिक्षा सात वर्षं हवी. तो कलम १०५ च्या सदोष मनुष्यवधावर आला की ती अट पुरी होत नाही आणि प्रौढासारख्या खटल्याचा रस्ताच बंद. वकिलाची खरी लढाई इथे लिहा.

शवविच्छेदन_टेबल:
मानशीचं पाणी नीट पाहा. भरतीला दारं आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. नदीत पडलेला देह मिटलेल्या दारातून आत यायचा कसा? तो आधीच खाजनाच्या आत पडला पाहिजे. ताजा देह बहुधा तळाला जातो, कुजून वायू धरला की वर येतो. मेच्या उकाड्यात साधारण एक-दोन दिवस. मग ओहोटीने ओढून मानशीच्या जाळ्यात. ओहोटी रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणून मुरगावचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक समोर ठेवूनच 'पहाट' लिहा.

शवविच्छेदन बांबोळीला, गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात). डॉक्टर मृत्यूची वेळ घड्याळ लावून सांगत नाहीत, टप्पा देतात, आणि पाण्यातला टप्पा आणखी रुंद. बुडताना जिवंत होता का, यासाठी अस्थिमज्जेत डायटम (पाण्यातलं सूक्ष्म शैवाल) शोधतात, पण त्याच मानशीच्या पाण्याचा नमुना तुलनेला घेतलेला नसेल तर बचाव पक्ष तो अहवाल सहज पाडेल. डायटम सापडले नाहीत म्हणून बुडून मेला नाही, असंही म्हणता येत नाही.

बांधावरची:
म्हणजे मृत्यू नक्की कोणत्या रात्री झाला हेच वादात ठेवता येईल?

काळाकोट:
ठेवाच. मुलाचा वाढदिवस १३ मे करा. मृत्यू ११ च्या रात्री असेल तर वय १५, १३ च्या पहाटे असेल तर १६. १२ तारीख टाळा, वय नेमकं कधी पूर्ण होतं यावर फुकटचा वाद. वयाला आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर पंचायत-पालिकेचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच हाडांची चाचणी. शाळेत घालताना बापाने वय वाढवून लिहिलेलं असेल तर आईच्या कपाटातला जन्मदाखला हीच तुमची गाठ. शाळेचा दाखला आधी धरला जात असल्याने जन्मदाखला सहज चालणारही नाही.

सहआरोपी १९ वर्षांचा चुलतभाऊ असेल तर दोघांचे खटले वेगळे. तेच साक्षीदार दोनदा बोलतील, आणि दोन जबाब जुळणार नाहीत.

पडदा_पाडा:
लेखनाचं म्हणाल तर एक तक्ता करा: डावीकडे पात्रं, वर प्रसंग, चौकटीत त्या क्षणी कुणाला काय माहीत. आईला दाखल्यातली तफावत दुसऱ्या भागात कळू द्या, बापाला पाचव्यात, मंडळाला सातव्यात. प्रेक्षकाला आईबरोबर कळलं तर ताण टिकतो. सगळ्यांच्या नंतर कळलं तर तो फसवला गेल्यासारखा चिडतो. आठव्यात नवीन पुरावा आणू नका. आधी दिसलेलीच वस्तू तिथे उलटली पाहिजे. मूल्यांकन चौथ्याच्या मध्यावर, पूर्ण प्रसंग, एकाच खोलीत. परिवीक्षा अधिकाऱ्याचा सामाजिक तपासणी अहवाल त्याच्या आधी हवा, घरातल्या गोष्टी बाहेर पडतात त्या त्याच्यातूनच.

धाकट्या बहिणीची भूमिका १४ च्या आतल्या मुलीला देणार असाल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीनच. मानशीवरचा रात्रभराचा प्रसंग तिच्यावर टाकू नका.