आपल्या गाण्याची कॉपीराइट नोंदणी करावी का?

एकताल (धागाकर्ता)

मंडळी, स्वतःची गाणी स्वतःच्या खर्चाने करणाऱ्यांशी बोलताना एक वाक्य हमखास ऐकू येतं: "यूट्यूबवर टाकलं की झालं, तारीख दिसतेच की." मला हे पटत नाही. ज्या गाण्यावर पुढे नाव किंवा पैसा उभा राहील असं वाटतं, त्याची नोंदणी प्रसिद्ध करण्याआधीच करावी असं माझं ठाम मत आहे.

मागच्या निवडणुकीत आमच्या भागात एका प्रचाररिक्षावर आमच्या गाण्याची चाल वाजत होती. मुखडा जसाच्या तसा, शब्द बदलून उमेदवाराचं नाव घातलेलं. जाब विचारला तर उत्तर आलं, "चाल तुमची कशावरून? ही तर लोकगीताची जुनी चाल आहे." अशा वेळी कलमं वाचून दाखवून उपयोग नसतो. पोलीस ठाण्यात असो वा प्रचार कार्यालयात, लोक कागद बघतात.

खर्चही आवाक्यातला आहे. शब्दांसाठी ५०० रुपये, चालीसाठी ५०० आणि ध्वनिमुद्रणासाठी २००० रुपये सरकारी शुल्क. अर्ज ऑनलाइन होतो, डायरी क्रमांक (अर्जाचा नोंद क्रमांक) मिळतो, मग हरकतींसाठी ३० दिवस थांबतात आणि पुढे छाननी. कॉपीराइट कायद्याचं कलम ४८ म्हणतं की नोंदवहीतला तपशील हा प्रथमदर्शनी पुरावा. स्टुडिओच्या एका दिवसाच्या भाड्याशी तुलना करून बघा.

कोमल_गंधार

असहमत. १९५७ च्या कायद्यानुसार गाणं कागदावर किंवा ध्वनिमुद्रणात उतरलं की हक्क तयार होतो, नोंदणीची गरज नाही. यावर आपल्याच मुंबई उच्च न्यायालयात घोळ होता. २०१२ मध्ये एका सॉफ्टवेअरच्या खटल्यात नोंदणीशिवाय दावा चालणार नाही असा निकाल आला होता. मार्च २०२१ मध्ये न्या. गौतम पटेल यांनी संजय सोया खटल्यात तो पायंडा मोडीत काढला आणि नोंदणी सक्तीची नाही असं स्वच्छ सांगितलं. तो वाद खाद्यतेलाच्या पाकिटावरच्या लेबलचा होता, पण तत्त्व गाण्यालाही तेच.

दुसरं, कॉपीराइट कार्यालय तुमची चाल जगातल्या बाकी चालींशी ताडून बघत नाही. हरकत आली नाही आणि कागदपत्रं नीट असली की प्रमाणपत्र मिळतं. सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं होत नाही, तसंच हे. उद्या तुमची चाल दुसऱ्याने आधी नोंदवली तर तो ते प्रमाणपत्र तुमच्याच तोंडावर नाचवेल.

नोंदणीचा हा आग्रह बराचसा अमेरिकन व्हिडिओंतून आला आहे. तिथे अमेरिकेतल्या कृतीसाठी कोर्टात जाण्याआधी नोंदणी लागते आणि वेळेत केली तर कायद्याने ठरवलेली भरपाईही मागता येते. आपल्या कायद्यात या दोन्ही गोष्टी नाहीत. आणि स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने सीडी पाठवण्याचा सल्ला अजून फिरतो, त्यालाही कायद्यात वेगळं स्थान नाही.

दिमडी

तुम्ही दोघं बाहेरच्या चोराबद्दल बोलताय. मी गेली काही वर्षं संगीत संयोजन करतो. मी बघितलेली बहुतेक भांडणं घरातलीच होती: कवी, संगीतकार, संयोजक आणि पैसे लावणारा मित्र. गाणं चाललं की प्रत्येकाला आठवतं की मूळ कल्पना आपली होती.

कायदा एका गाण्यात तीन वेगळ्या गोष्टी बघतो. शब्द कवीचे, चाल संगीतकाराची आणि ध्वनिमुद्रण निर्मात्याचं, म्हणजे ज्याने ते करवून घेण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेतली त्याचं. शिवाय गायकाचे कलाकार म्हणून हक्क वेगळे. स्टुडिओचं बिल मित्राने भरलं आणि काहीच लिहून ठेवलं नाही, तर ध्वनिमुद्रणावर तो हक्क सांगू शकतो.

हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. या गोष्टी कुठल्याही प्रमाणपत्रावर येत नाहीत. आधी एका पानाचा करार करा: कोणाचं काय, वाटा किती, नावं कशी यायची. गाणं वितरकाकडे (गाणी वेगवेगळ्या ॲपवर पोचवणाऱ्याकडे) चढवताना तीच नावं बिनचूक भरा. प्रसिद्ध झालेल्या प्रतीवर ज्याचं नाव कर्ता म्हणून असतं, तोच कर्ता असं न्यायालय गृहीत धरतं, उलट सिद्ध होईपर्यंत. कलम ५५ बघा. यासाठी एक रुपयाही लागत नाही.

एकताल

@कोमल_गंधार, सातबाऱ्याचं म्हणालात ते खरं आहे, पण सातबारा न बघता कोणी जमिनीचा सौदा करतं का? उलट सिद्ध करण्याचं ओझं समोरच्यावर जातं, त्याला किंमत आहे. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं की कलम ६३ खालचा, म्हणजे कॉपीराइट भंगाचा, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. पण तक्रार घेताना अधिकारी पहिला प्रश्न "कागद आहे का?" हाच विचारतो.

@दिमडी, तुमचा मुद्दा माझ्याच बाजूने जातो. अर्जात हक्कदार आणि कर्ता वेगळे असतील तर ना हरकत पत्र लागतं. म्हणजे नोंदणी करायला बसलं की कवीला, मित्राला, सगळ्यांना सही करावीच लागते. जो करार लोक "आपल्यात कशाला" म्हणून टाळतात, तो या निमित्ताने होतो.

ओवी_आणि_ठेका

मला काळजी वेगळीच आहे. "ही तर लोकगीताची चाल" हे उत्तर तुम्हाला खोटं मिळालं असेल, पण उलटंही होतं. जात्यावरच्या ओवीची, भारुडाची चाल कोणीतरी थोडी फिरवतो, आपल्या नावावर नोंदवतो आणि मग दुसऱ्या भजनी मंडळाच्या व्हिडिओवर दावा ठोकतो. तुकोबांच्या अभंगाचे शब्द सर्वांचे आहेत. नवी चाल बांधली असेल तर ती तुमची, पारंपरिक चालीवर गायलात तर फक्त तुमचं ध्वनिमुद्रण तुमचं. नोंदणी करणाऱ्यांनी ही रेघ स्वतः पाळावी अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणि वाद पेटला तर शेवटी चाल कोणी बांधली तेच बघतात. २००८ मध्ये संगीतकार राम संपत यांनी आपल्या जाहिरातीची धून चित्रपटात उचलल्याचा दावा केला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने धून आणि गाणी ऐकून मनाई केली आणि पुढे तडजोड झाली. डागर या ध्रुपद गाणाऱ्या घराण्याच्या 'शिवस्तुती' या रचनेवरून ए. आर. रहमान यांच्याविरुद्ध दिल्लीत एप्रिल २०२५ मध्ये अंतरिम आदेश आला, तो सप्टेंबरमध्ये खंडपीठाने रद्द केला. तिथे कळीचा प्रश्न हाच होता की गाणारे आणि बांधणारे एकच मानायचे का. प्रचाररिक्षावाल्यांना दाखवायला तुमच्याकडे चाल घडतानाचं काय आहे?

एकताल

@ओवी_आणि_ठेका, आहे. कवीने मुखडा व्हॉट्सॲपवर पाठवला, त्याच रात्री मी पेटीवर काळी दोन पट्टीत चाल धरून व्हॉइस नोट परत पाठवली. त्यात अंतरा अजून रूपक तालात आहे, केरवा तालात तो नंतर आला. कवीच्या "दुसरी ओळ खाली उतरव" अशा सूचनाही आहेत. लोकगीत असतं तर हे लागलं नसतं. पण ही फाईल फोन बिघडला तर जाते, सरकारी नोंदवही जात नाही.

कोमल_गंधार

मग फाईलच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. मला विचाराल तर हे व्हॉइस नोट तुमच्या प्रमाणपत्रापेक्षा जड आहेत. दहा गाण्यांच्या अल्बमची तिन्ही अंगं नोंदवायची तर ३०,००० रुपये होतात. नव्या पोरांना हा खर्च सांगू नका. त्यातल्या थोड्या पैशात वकिलाकडून कराराचा एक चांगला नमुना करून घेतला तर तो दहाही गाण्यांना चालेल.

दिमडी

आणि आयपीआरएसचं (कवी-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं) सभासदत्व घ्या, गाणी तिथे नीट नोंदवा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात वापरलेल्या गाण्याच्या रॉयल्टीतला कवी-संगीतकाराचा निम्मा वाटा त्यांना कंपनीला लिहूनही देता येत नाही. तो सोडू नका.

एकताल

करार आधी, हे मान्य. पण दहापैकी ज्या दोन गाण्यांवर तुमचा सगळ्यात जास्त भरवसा आहे, त्यांचे शब्द आणि चाल तरी नोंदवा. २००० रुपये होतात. त्यावर मी ठाम आहे.