मुलानची ताकद तलवारीत नाही

मुलान म्हणजे म्हाताऱ्या वडिलांऐवजी पुरुषाच्या वेशात युद्धावर जाणारी चिनी कथेतली मुलगी. ती पुरुषांसारखी तलवार चालवते म्हणून कणखर नायिका, असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं, ते पटलं नाही. १९९८च्या डिस्नेपटातला तिचा सगळ्यात मोठा विजय डोक्याचा आहे. एकच तोफ उरलेली, समोर हूणांची फौज, आणि ती त्यांचा म्होरक्या शान-यू याच्याऐवजी बर्फाच्या कड्यावर नेम धरते! सैनिकी प्रशिक्षणात उंच खांबावरचा बाण काढतानाही तेच: बाकीच्यांना खाली खेचणारी वजनंच ती चढायला वापरते.

मूळ चिनी काव्य (उत्तर वेई काळातलं मानतात) तर आणखी वेगळं. सुरुवातीला मागावर बसून सुस्कारे टाकणारी मुलगी. मग पूर्वेच्या बाजारातून घोडा, पश्चिमेच्या बाजारातून खोगीर, दक्षिणेकडून लगाम, उत्तरेकडून चाबूक, अशी निवांत खरेदी. युद्ध मात्र मोजक्या ओळींत उरकलंय. १२ वर्षं तिचं बिंग फुटत नाही. घरी परतल्यावर जुने कपडे घालून, केस विंचरून ती स्वतःच समोर येते आणि सोबतचे सैनिक चाट पडतात.

चित्रपटात जखमेमुळे गुपित उघडं पडतं. पटकथेला एवढं नाट्य लागतंच, त्यामुळे तो बदल मला चालला. सेनापतीवरचं प्रेम नसतं तरी काही बिघडलं नसतं.

आणि चित्रपटाच्या अ‍ॅनिमेशनबद्दल कुणी का बोलत नाही? मुलान आणि तिचे वडील या दोन्ही पात्रांची जबाबदारी मार्क हेन या एकाच अ‍ॅनिमेटरकडे होती. बागेत बाप-लेक शेजारी बसतात तो प्रसंग हे लक्षात ठेवून परत बघा.